पहिला मजला नेमका कोणता?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागेतील एका छोट्या कार्यालयात मी स्थापत्य अभियंता म्हणून काम करते. आम्ही आठजण इमारतींची त्रिमितीय मॉडेल तयार करतो. काही कामे जिल्ह्यातली असतात, तर काही परदेशी ग्राहकांची. रेव्हिट, टेक्ला आणि स्केचअप ही तीन सॉफ्टवेअर आमच्या वापरात आहेत. दीड वर्षापूर्वी सरांनी पारिभाषिक शब्दांची सूची तयार करून सांभाळण्याचे काम माझ्याकडे दिले. एक्सेलमध्ये आजवर अकराशे शब्द जमले आहेत, परंतु ती फाइल माझ्याशिवाय कोणीही उघडत नाही. गेल्या महिन्यात एका अमेरिकी कामात ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला असे समजल्यामुळे सळयांची यादी एका मजल्याने चुकली, आणि सूचीत ‘फर्स्ट फ्लोअर – पहिला मजला’ ही नोंद माझ्याच हातची होती. एक वरिष्ठ म्हणतात की सगळे इंग्रजीतच ठेवा. दुसरे म्हणतात की साइटवरच्या लोकांना कळेल असे शुद्ध मराठी करा. सूची चालू ठेवावी की बंद करावी? चालू ठेवायची तर कशी?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

सूची बंद करू नका. चूक झाल्यावर तुम्ही स्वतःची नोंद उघडून पाहिली आणि तिच्यात दोष आहे हे मान्य केले, यावरून हे काम योग्य व्यक्तीकडे आहे अशी माझी खात्री झाली. मात्र सूचीची बांधणी मुळापासून बदलावी लागेल, आणि ती कशी बदलायची हे तुमच्या त्या चुकीतूनच स्पष्ट होते.

‘फर्स्ट फ्लोअर’ या शब्दाचा मराठी प्रतिशब्द ‘पहिला मजला’ हाच आहे, त्यामुळे शब्दकोशाच्या दृष्टीने तुमच्या नोंदीत काहीही वावगे नव्हते. परंतु अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, तर आपल्याकडे ब्रिटिश रिवाजाप्रमाणे त्याला ग्राउंड फ्लोअर म्हणजे तळमजला म्हणतात आणि त्याच्या वरचा तो पहिला मजला. शब्दासमोर शब्द बरोबर ठेवूनही वस्तू चुकली, कारण नोंद शब्दाची होती, वस्तूची नव्हती. परदेशी काम बाजूला ठेवले तरी हा घोळ संपत नाही. खाली फक्त वाहने उभी करायला जागा ठेवून बांधलेल्या इमारतीत त्या तळाला कोणी ‘पार्किंग’ म्हणतो आणि त्याच्या वरच्या मजल्याला ‘पहिला’, तर दुसरा कोणी वरच्या मजल्यालाच ‘तळमजला’ म्हणतो. आणि हे दोघेही एकाच मॉडेलवर काम करत असतात.

म्हणून सूचीतील प्रत्येक नोंद एका संकल्पनेची करा. तिला एक क्रमांक द्या, वस्तू कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे एका-दोन वाक्यांत लिहा, आणि मग त्या वस्तूला कोण काय म्हणतो ते तिच्याखाली मांडा: रेव्हिटच्या पडद्यावर काय दिसते, टेक्लात काय दिसते, ग्राहक काय लिहितो, मुकादम काय म्हणतो. परिभाषाशास्त्राची रीत हीच आहे. आयएसओ 704 हे आंतरराष्ट्रीय मानकही आधी संकल्पना ठरवून मग तिला नाव देण्याचा क्रम सांगते. एकाच शब्दाखाली तीन संकल्पना दडलेल्या असतील, तर नोंदी तीन झाल्या पाहिजेत. ‘कंपोनंट’ हा शब्द तुमच्या तीनही सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्केचअपमध्ये कंपोनंट म्हणजे अशी वस्तू, जिची एक प्रत बदलली की सगळ्या प्रती बदलतात. टेक्लात कंपोनंट म्हणजे सांधा किंवा तपशील आपोआप रचून देणारे साधन, उदाहरणार्थ कॉलमखालची प्लेट बोल्ट आणि वेल्डसह बसवणारे. रेव्हिटमध्ये दार, खिडकी, फर्निचर अशा वस्तूंचे तयार नमुने, ज्यांना तिथे ‘फॅमिली’ म्हणतात, ते मॉडेलमध्ये ठेवण्याच्या आज्ञेला ते नाव आहे. सूचीत ‘कंपोनंट – घटक’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नोंद तिघांपैकी एकाच्याही उपयोगाची नाही.

संकल्पनेवर नोंद टांगल्याचा आणखी एक लाभ कालांतराने कळतो. सॉफ्टवेअरच्या कंपन्या पडद्यावरची नावे बदलत असतात. स्केचअपने 2020 च्या आवृत्तीत ‘लेयर’ हे नाव काढून ‘टॅग’ असे केले. वस्तू तीच राहिली. ज्यांची सूची शब्दांच्या वर्णानुक्रमावर उभी होती त्यांना नोंद मोडून नवी करावी लागली असेल. ज्यांच्या नोंदीला क्रमांक होता त्यांना त्या नोंदीखाली ‘2020 पासून टॅग’ अशी एक ओळ वाढवणे पुरेसे होते.

आता सांगलीपुरती एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या सूचीत नक्की चुकलेली असणार. ‘लेव्हल’ या शब्दासमोर तुम्ही ‘पातळी’ लिहिले असेल. आपल्या गावात पातळी म्हणताच माणसाच्या मनात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी येते: 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, आणि 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. ही उंची पुलाच्या मोजपट्टीवरची आणि फुटांतली. नदीकाठच्या कामात त्याच नकाशावर पूररेषाही येते, निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि सर्वेक्षकाने दिलेल्या उंच्या समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात. तुमच्या मॉडेलमध्ये मात्र जोत्याचा माथा शून्य धरून मिलिमीटरमध्ये वर-खाली मोजलेले असते. म्हणजे एकाच ‘पातळी’ या शब्दाखाली तीन वेगळ्या शून्यांपासून, तीन वेगळ्या एककांत मोजलेल्या तीन वस्तू आहेत. रेव्हिटमध्ये लेव्हलची उंची प्रकल्पाच्या आधारबिंदूपासून दाखवायची की सर्वेक्षणाच्या बिंदूपासून, हे निवडता येते, त्यामुळे सॉफ्टवेअर हा गोंधळ तुमच्यासाठी निस्तरत नाही. उलट दोन्ही आकडे तितक्याच सहजतेने दाखवते. जोत्याची उंची पूररेषेशी ताडून पाहणाऱ्या माणसाच्या हाती यांतला चुकीचा आकडा गेला, तर काय होईल हे सांगलीकराला सांगण्याची गरज नाही. इथे तीन नोंदी करा, आणि प्रत्येकीत ‘शून्य कोठे’ व ‘एकक कोणते’ या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय ती नोंद पूर्ण समजू नका.

शिवाय रेव्हिटची लेव्हल म्हणजे मजला नव्हे. ती एक आडवी संदर्भ-पातळी आहे. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या बीमच्या, तळाची किंवा कठड्याच्या माथ्याचीही लेव्हल काढता येते, आणि त्यांपैकी मजला कोणता हे सांगणारी ‘बिल्डिंग स्टोरी’ ही खूण वेगळी असते. मजल्यांना कार्यालयाने स्वतःचे अंक द्यावेत, जमिनीलगतचा 00, वरचा 01, खालचा उणे 01, आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ग्राहक त्या अंकाला काय म्हणतो याचा छोटा तक्ता भरून घ्यावा. सळयांच्या यादीवर मजल्याचे नाव न लिहिता अंक लिहिला असता, तर गेल्या महिन्यातला प्रसंग टळला असता.

सीमा लिहिण्याचा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने मांडतो, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. नोकरीच्या काळात मीही एका कार्यालयासाठी दोन वर्षे खपून अशीच वर्णानुक्रमाची सूची केली होती, आणि तिच्यात ‘प्लास्टर – गिलावा’ अशी नोंद होती. हे खरे होते आणि कोणालाही त्याची गरज नव्हती, कारण प्लास्टर म्हणजे गिलावा हे सगळ्यांनाच ठाऊक असते. ज्याची गरज होती ते मी लिहिलेच नव्हते. मॉडेलमधून काढलेले गिलाव्याचे क्षेत्र आणि कंत्राटदाराच्या बिलातले क्षेत्र जुळेना, आणि दोन्ही बाजू आपलाच आकडा खरा असे सांगत राहिल्या. खरे तर दोन्ही आकडे बरोबर होते. मोजमापाच्या आयएस 1200 या मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांसाठी, म्हणजे भिंतीतल्या दार-खिडकीसारख्या मोकळ्या जागांसाठी, गिलाव्यात वजावट करत नाहीत, आणि अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांची वजावट भिंतीच्या एकाच बाजूला करतात, कारण दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट खिडकीच्या कडांच्या गिलाव्याची भरपाई मानली जाते. मॉडेल मात्र उघाडा दोन्ही बाजूंनी वजा करते. 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच खिडकीचे क्षेत्र 1.8 चौरस मीटर होते. अशा 40 खिडक्या असल्या तर निव्वळ या एका कारणाने 72 चौरस मीटरचा फरक पडतो. माझ्या सूचीत ‘मॉडेलमधील गिलावा-क्षेत्र’ आणि ‘मोजमापातील गिलावा-क्षेत्र’ अशा दोन नोंदी असत्या, तर तो वाद दहा मिनिटांत मिटला असता.

तुमच्या अकराशे शब्दांकडे याच कसोटीने पाहा. दोन माणसे ज्याचा वेगळा अर्थ घेऊ शकतात आणि तसा घेतल्यास पैसा, सुरक्षितता किंवा वेळ जातो, तोच शब्द सूचीत हवा. ‘वीट’, ‘वाळू’, ‘दार’ यांना रजा द्या. या चाळणीतून पहिल्या फेरीत शंभर-सव्वाशे नोंदी उरल्या तरी पुरे. माणसे लहान सूची उघडतात. उरणाऱ्यांत ‘कव्हर’ असेल, कारण आयएस 456 या 2000 सालच्या संहितेत नॉमिनल कव्हर हे रिंगांसह (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांसह) सर्व सळयांवरचे धरले आहे, म्हणजे काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठापासून रिंगेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. साइटवर पुष्कळ ठिकाणी मुख्य सळईपर्यंतचे अंतर मोजले जाते, आणि 8 मिलिमीटरच्या रिंगेमागे तेवढाच फरक पडतो. उरणाऱ्यांत ‘बीमची खोली’ही असेल: आराखडा करणारा अभियंता ती स्लॅबच्या माथ्यापासून सांगतो, तर मोजमापात ती स्लॅबच्या तळापासून बीमच्या तळापर्यंत धरतात, म्हणजे 450 मिलिमीटरचा बीम आणि 125 मिलिमीटरचा स्लॅब असेल तर बिलातली खोली 325 मिलिमीटर. ‘कार्पेट क्षेत्र’ तर पहिल्या दहांत हवे. 2016 च्या रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या पडद्यांखालचे, म्हणजे खोल्या वेगळ्या करणाऱ्या पडदी-भिंतींखालचे, क्षेत्र कार्पेटमध्ये धरले जाते, तर बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते; मॉडेलमधल्या खोल्यांच्या क्षेत्रांची बेरीज केली तर आतल्या पडद्या सुटतात. ग्राहक ज्या आकड्यावर घर विकत घेतो तो आकडा अशा बेरजेवरून देणे योग्य नाही.

‘ब्रास’ हे एकक मीही वर्षानुवर्षे गृहीत धरत आलो होतो. वाळू-खडीत ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर, पण क्षेत्राच्या कामात ब्रास शंभर चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे 9.29 चौरस मीटरचा असतो. मॉडेलमधून परिमाणे काढणारा तरुण अभियंता शहरातून आलेला असेल तर त्याला हे कोणीही सांगितलेले नसते. एककांची नोंद सूचीच्या पहिल्या पानावर असू द्या.

भाषेच्या वादात दोन्ही वरिष्ठांचे म्हणणे मला अर्धे पटते. पडद्यावरचे नाव पडद्यावर जसे दिसते तसेच, त्याच लिपीत नोंदवा, कारण माणूस ते नाव समोर पाहून सूचीत शोधणार आहे. ‘फॅमिली’ला ‘कुटुंब’ किंवा ‘कुल’ केल्याने कोणाचेही भले होणार नाही. परंतु साइटकडे जाणारा कागद मराठीत असावा हा दुसऱ्या वरिष्ठांचा आग्रह रास्त आहे, आणि त्यासाठी नवे शब्द घडवण्याची जवळजवळ गरज नाही, कारण गवंड्यांची आणि मुकादमांची भाषा समृद्ध आहे. जोते, गिलावा, कठडा, पडदी, सळई, ओळंबा, कोबा हे शब्द जिवंत आहेत आणि अचूकही आहेत; ‘पडदी’ म्हणताच भिंत अर्ध्या विटेची हे सांगावे लागत नाही. ज्या वस्तू सिमेंट-काँक्रीटबरोबर आल्या त्यांची नावेही त्यांच्याबरोबर आली आणि रुळली: स्लॅब, बीम, कॉलम, फूटिंग, लिंटेल, शटरिंग. त्यांना हटवून ‘तुळई’ आणि ‘स्तंभ’ आणू नका. आपल्याकडे तुळई म्हटले की जुन्या वाड्यातली लाकडी तुळईच डोळ्यांसमोर येते, म्हणजे शुद्धतेच्या नादात आपण वस्तू बदलून टाकतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मी नेहमी हाताशी ठेवतो आणि शासकीय पत्रव्यवहारात त्यांतलेच शब्द वापरतो. सूचीत त्यांच्यासाठी ‘पत्रव्यवहारातील संज्ञा’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा.

मराठी सूचीला एक काम जास्त असते, जे इंग्रजी नमुन्यांवरून केलेल्या सूच्यांमध्ये हमखास राहून जाते. प्रत्येक शब्दाचे लिंग आणि सामान्यरूप लिहा. ‘स्लॅब टाकला’ की ‘स्लॅब टाकली’, ‘ते फूटिंग’ की ‘ती फूटिंग’, हे एकदा ठरवले नाही तर आठ माणसांच्या कागदांत आठ तऱ्हा दिसतील. सामान्यरूपाची अडचण त्याहून व्यावहारिक आहे: फाइलमध्ये ‘जोते’ शोधले तर ‘जोत्याची उंची’ सापडत नाही, ‘भिंत’ शोधले तर ‘भिंतीचा’ सापडतो पण ‘पडदी’च्या नोंदीतले ‘पडद्या’ सापडत नाही. शोधासाठी ‘जोत्या’, ‘पडद्या’ अशी रूपे नोंदीत जोडून ठेवा आणि ‘जोतं’, ‘शटरींग’ अशी माणसे प्रत्यक्ष टाइप करतात ती लेखनेही जोडा. सूची कोणी उघडत नाही याचे एक कारण असे असू शकते की उघडल्यावर त्यांना हवे ते सापडले नाही.

वस्तू एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना आयएफसी हे फाइलचे खुले स्वरूप तुम्ही वापरतच असाल. ते आयएसओ 16739 हे मानक आहे, आणि त्यात प्रत्येक वस्तूला एक वर्ग असतो. प्रत्येक नोंदीत हा वर्ग लिहून ठेवा. तीनही सॉफ्टवेअरना समान असलेली खुंटी तीच आहे. लिंटेलला स्वतंत्र वर्ग नाही, ते बीमच्या वर्गातला एक प्रकार म्हणून येते, हे ठाऊक नसेल तर बीमच्या बेरजेत लिंटेल मिसळून जातात. छज्जा या नावाचा वर्ग त्यात नाहीच, म्हणून तो तुमच्यापैकी कोणी स्लॅबमध्ये टाकणार, तर कोणी ऊन अडवणाऱ्या साधनांमध्ये. मी तो स्लॅबच्या वर्गात, स्वतःचा ‘छज्जा’ हा प्रकार लिहून ठेवीन, कारण शटरिंग आणि काँक्रीटचे परिमाण तिथूनच निघते. तुमच्या कार्यालयाने वेगळे ठरवले तरी चालेल; मात्र ठरवले पाहिजे आणि ठरवल्याची तारीख लिहिली पाहिजे.

सांभाळण्याचे खरे काम या ठरवण्यात आहे. प्रत्येक नोंदीला ‘प्रस्तावित’, ‘मान्य’ किंवा ‘रद्द’ अशी स्थिती, तारीख, ठरवणाऱ्याचे नाव आणि एक ओळीचे कारण असावे. नोंद सुचवण्याचा अधिकार सर्वांना द्या, मान्य करण्याचा अधिकार दोघांनाच, आणि त्या दोघांत एक तुम्ही व दुसरे साइट पाहिलेले वरिष्ठ असावेत. दोघांचे एकमत होत नसेल तर सरांनी आठवड्याच्या आत निर्णय द्यावा, ही गोष्ट आधीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. अनिर्णीत नोंदी साचल्या की सूचीवरचा विश्वास उडतो. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बसा आणि त्या पंधरा दिवसांत ग्राहकाकडून किंवा साइटवरून आलेले ‘म्हणजे नेमके काय?’ असे जे प्रश्न असतील, तेवढेच समोर घ्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवण्याआधी बदललेल्या नावांची यादी वाचण्याचे काम एकाच्या नावावर ठेवा. एक्सेल बदलण्याची घाई नको. शब्दसूचींच्या देवाणघेवाणीसाठी टीबीएक्स नावाचे प्रमाणित स्वरूप आहे, आणि रकाने आज नीट ठेवले तर पुढे त्यात जाता येईल.

कोणतीही नोंद कधी पुसू नका आणि तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला देऊ नका. बांधकाम क्षेत्रातील माहितीकोशांसाठी 2020 मध्ये आलेल्या आयएसओ 23386 या मानकाची शिस्तही अशीच आहे: निरुपयोगी झालेली नोंद निष्क्रिय करायची आणि तिच्या जागी कोणती आली ते दाखवायचे. म्हणून सुरुवात तुमच्या त्या ‘फर्स्ट फ्लोअर – पहिला मजला’ या नोंदीपासूनच करा. तिची स्थिती ‘रद्द’ करा, गेल्या महिन्यातला प्रसंग कारणाच्या रकान्यात कोणाचेही नाव न घेता लिहा, आणि तिच्यापुढे दोन नव्या नोंदींचे क्रमांक द्या, एक 00 या मजल्याचा आणि दुसरा 01 चा. उद्या तुमच्याकडे रुजू होणारा नवा अभियंता ‘फर्स्ट फ्लोअर’ हेच शब्द शोधील, तेव्हा त्याला आधी ती रद्द नोंद दिसेल, आणि सळयांची यादी करण्यापूर्वी तो ग्राहकाचा तक्ता उघडून पाहील.